नातेवाईक, गाववाले आणि गल्ला: छोट्या धंद्यात कोणाकडून काय घ्यावं

मुंबईत कोणी घरगुती मसाल्याचा, फराळाचा, शिवणकामाचा किंवा केटरिंगचा धंदा सुरू केला की पहिले काही महिने फोन वाजत राहतो. मावशी दोन किलो नेते, भावोजी ऑफिसात चार पाकिटं खपवतात, गावच्या मंडळाच्या ग्रुपवर ‘आपल्या माणसाला साथ द्या’ असा मेसेज फिरतो. मग फोन थंडावतो. माल तोच आणि भावही तोच, पण ज्यांना घ्यायचं होतं त्यांचं घेऊन झालेलं असतं. नेमक्या याच सुमारास मामांनी दिलेल्या पैशांची आठवण मामींना होऊ लागते.

छोट्या धंद्यांच्या वह्या लिहिणं हे माझं काम. बसलेल्या धंद्यांत मालाचा दोष निघतो, नाही असं नाही. पण बऱ्याच वेळा दिसतं ते असं की एकाच माणसाला सावकार, कामगार आणि गिऱ्हाईक असं तिन्ही करून ठेवलेलं असतं. त्यातला एक धागा तुटला की तिन्ही तुटतात, वर लग्नाकार्यात तोंड चुकवावं लागतं ते वेगळंच. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच: एका नात्यावर एकच ओझं.

उदाहरणादाखल भांडुपमधलं एक कुटुंब डोळ्यासमोर धरू. मार्च ते मे मसाला, गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, उरलेल्या वर्षात पापड-कुरडया आणि भाजण्या. नवरा-बायको, सासूबाई, हाताखाली गावाकडच्या तीन बाया.

पायरी १: माणसांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या बाजूला ओळखीच्या सगळ्यांची नावं, पुढे पाच रकाने: पैसा, हात, माल, गिऱ्हाईक, खबर. ज्याच्याकडून जे मिळतं त्या रकान्यात खूण करा. ‘खबर’ म्हणजे धंद्याच्या उपयोगाची माहिती. कोणत्या कँटीनचं कंत्राट संपतंय, बेडगीचा भाव कुठे उतरलाय, स्टेशनजवळचा कोणता गाळा रिकामा होतोय, असली.

वही भरून झाली की दोन गोष्टी दिसतात. काही नावांपुढे तीन-तीन, चार-चार खुणा असतात. ही माणसं प्रेमाची असतात आणि धंद्यासाठी सगळ्यात धोक्याचीही हीच. दुसरं, खबरीचा रकाना जवळपास कोरा असतो. असलीच तर नावं अशी, जी तुमच्याच इमारतीत राहतात आणि तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं सांगतात.

तीन खुणांच्या माणसाची एक खूण ठेवायची आणि बाकीच्या कामांना दुसरी माणसं शोधायची. कोणती खूण ठेवायची, हे त्या माणसाच्या स्वभावावरून ठरवा. ज्याला हिशेब विचारलेला चालत नाही त्याच्याकडून पैसा घेऊ नये, त्याला गिऱ्हाईकच राहू द्यावं.

पायरी २: पैसा, आणि इथे घाई नको

घरच्यांकडून येणारा पैसा तीन प्रकारचा असतो: भेट, कर्ज किंवा भागी. देणारा देताना सहसा सांगत नाही की यातला कोणता. ‘घे रे, बघू नंतर’ हे वाक्य मराठी घरांत फार महाग पडतं. धंदा चालला की ते पैसे भागी होतात आणि बुडाला की कर्ज. म्हणून पैसे हातात येण्याआधी प्रकार ठरवून कागदावर लिहा.

कर्ज असेल तर वचनचिठ्ठी करा: रक्कम, तारीख, व्याज असल्यास दर, हप्ता किती आणि केव्हापासून. त्यात एक ओळ आवर्जून घाला, की हंगाम वाया गेला तर हप्ता किती महिने थांबेल. भांडण हप्ता चुकल्यावरून कमी आणि न सांगता चुकल्यावरून जास्त होतं. पैसे बँकेतूनच घ्या. ₹२०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. परत करतानाही रोख चालत नाही. सख्खा मामा असला तरी नियम तोच.

उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षं. मुदत संपण्याआधी घेणाऱ्याने ‘एवढं देणं आहे’ असं सही करून लिहून दिलं तर ती नव्याने सुरू होते. हे कलम देणाऱ्याच्या सोयीचं वाटतं, पण घेणाऱ्याने स्वतःहून दरवर्षी मार्चअखेर असं पत्र द्यावं. मामींचा आवाज त्याने जितका खाली येतो तितका कशानेच येत नाही.

भेट असेल तरी लिहून ठेवा. आई-वडील, भाऊ-बहीण, काका, मामा, मावशी, सासू-सासरे यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही. पण चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण या कायद्याच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ नाहीत. त्यांच्याकडून आणि मित्रांकडून वर्षभरात मिळून ₹५०,०००च्या वर भेट आली तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आपल्याकडे मामेभाऊ सख्ख्यासारखाच, आयकर खात्याला तो परका.

भागीचं प्रकरण जास्त नाजूक. दोन भाऊ मिळून धंदा करतात आणि कागद काही नसतो. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. धाकट्याने उचललेल्या मालाचे पैसे थोरल्याकडून वसूल होऊ शकतात. शिवाय फर्म नोंदलेली नसेल तर थकलेल्या उधारीसाठी तुम्हाला गिऱ्हाइकावर न्यायालयात दावा लावता येत नाही. नोंदणीचा खर्च एखाद्या बुडीत ऑर्डरपेक्षा कमीच येतो.

जामीन राहणं हाही पैसाच समजा. ‘नुसती सही तर करायची आहे’ असं सांगितलं जातं. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक कर्जदाराच्या मागे न लागता थेट जामीनदाराकडे येऊ शकते. पतपेढ्यांच्या कर्जांत नाती तुटतात ती इथे. ज्याला जामीन घेतलंत त्याच्याकडून दुसरं काहीही मागू नका आणि दर तीन महिन्यांनी हप्ते भरल्याचा उतारा त्याला पाठवत चला.

मुळात जे बँक देते त्यासाठी नातेवाइकाला खर्ची घालू नये. मुद्रा योजनेत ₹५०,०००पर्यंत शिशु, ₹५ लाखांपर्यंत किशोर आणि ₹१० लाखांपर्यंत तरुण गटात तारणाशिवाय कर्ज मिळतं. तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांना पुढे ₹२० लाखांपर्यंतची सोय आहे. बँका कागदपत्रांसाठी खेपा घालायला लावतात हे खरं. पण मसाला दळायचं यंत्र, फ्रीजर, पॅकिंग मशीन अशा खरेदीला बँकच बरी. घरचा पैसा राखून ठेवावा तो बँक ज्याला कर्ज देणार नाही अशा वेळेसाठी, म्हणजे मिरचीचा भाव अचानक चढला किंवा मोठं गिऱ्हाईक दोन महिने थकलं तर.

भिशीबद्दल दोन शब्द. इमारतीतल्या बायकांची भिशी हे शिस्तीचं उत्तम साधन आहे, कारण हप्ता चुकवला तर रोज जिन्यात तोंड दाखवावं लागतं. पण चिट फंड चालवायला १९८२च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. ओळखीपाळखीतून फुगत गेलेल्या मोठ्या भिशीत पैसा बुडाला तर तक्रार कुठे करायची हाच प्रश्न पडतो. ज्या भिशीतल्या सगळ्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत तेवढीच ठेवा.

गिरगावात १९५९ साली सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची. भांडवल ₹८०, छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिली चार पाकिटं विकली ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला. पैसा ओळखीतून आणि गिऱ्हाईक बाजारातलं, ही विभागणी पहिल्याच दिवशी झाली होती. पारेखांनी पैशांबरोबर दोन गोष्टींचा आग्रह धरला: दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख हवा. शिवाय तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असं त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं.

पायरी ३: जागा

मुंबईत हा मुद्दा पैशाहून मोठा ठरू शकतो. धंदा आईच्या चाळीतल्या खोलीत चालतो, खोलीची पावती वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि वारस चौघं भावंडं. जोवर पुनर्विकासाची नोटीस येत नाही तोवर सगळं गोड. नोटीस आली की कोण कुठे राहतं, कोणाचा हक्क किती, तुझ्या यंत्रांनी जागा अडवली, हे सगळं एकदम वर येतं. भावाच्या मालकीच्या जागेत धंदा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवा. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भाडं नाममात्र ठेवा, पण दरमहा खात्यातून जाऊ द्या. चाळीच्या खोलीत असाल तर भावंडांची लेखी संमती घ्या. पुनर्विकासात जागा सुटली तर धंदा कुठे हलवायचा, हे तेव्हाच बोलून ठेवा.

पायरी ४: हात

घरच्यांच्या मजुरीची किंमत कोणी धरत नाही. आमच्या भांडुपच्या कुटुंबात सासूबाई रोज चार तास मिरच्यांची देठं काढतात, सून रात्री अकरापर्यंत पाकिटं सील करते, आणि नवरा म्हणतो किलोमागे ₹२२० सुटतात. या दोघींच्या तासांना बाहेरच्या बाईच्या दराने पैसे लावले की ₹२२०चे किती राहतात ते एकदा मांडून बघा. आकडा कडू असतो, पण सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यावर तो तसाही समोर येणारच असतो. शक्य असेल तर सुनेच्या खात्यावर दरमहा ठरावीक रक्कम टाका, थोडी असली तरी. घरात कोणाच्या शब्दाला किती वजन, यावरही त्याचा परिणाम होतो.

आता गावाकडून आणलेली माणसं. याचे फायदे खरे आहेत. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले. नवा माणूस ओळखीतून येतो, टोळीत मुकादमाच्या हाताखाली तयार होतो आणि टोळीची कमाई वाटून घेतली जाते. कोणी हलगर्जीपणा केला तर त्याची बातमी गावात घरच्यांपर्यंत पोचते. ही जरब कुठल्याही करारपत्रात मिळत नाही. उडुपी हॉटेलांतही तेच. गावचा मुलगा गल्ल्यामागच्या काकाच्या ओळखीवर मुंबईत येतो, टेबल पुसण्यापासून सुरू करतो आणि पुढे कधी तरी स्वतःचं हॉटेल टाकतो.

आपल्याकडच्या कोकणी धंद्यांत मात्र एक मोठं भगदाड आहे. तिन्ही बाया एकाच वाडीतल्या असतील तर गणपतीत तिन्ही जातात. उकडीच्या मोदकांची वर्षातली सगळ्यात मोठी मागणी आणि मोदक वळायला कोणी नाही! शिमग्याला पुन्हा तेच, आणि मे महिन्यात मसाल्याचा हंगाम जोरात असताना तिसऱ्यांदा. त्यांना थांबवायला जाऊ नका, थांबणार नाहीत आणि थांबूही नये. माणसं घेतानाच एका गावच्या निम्म्याहून जास्त घेऊ नका. एक कोकणातली, एक घाटावरची, एक इथेच वाढलेली, असं धरलंत तर दहा दिवसांची गाडी ओढता येते. गणपतीपुरत्या कामाला इमारतीतल्याच बायकांना जुलैपासून सांगून ठेवा. मोदकाच्या नगावर मजुरी ठरवा, तासावर नको.

नातेवाइकाच्या मुलाला कामावर ठेवताना तीन महिने बघू, असं त्याच्या आई-बापासमोर बोलून घ्या, पगार सांगा आणि कोणाचं ऐकायचं तेही सांगा. काढायची वेळ आली तर आधी त्याच्याशी बोला, मग त्याच्या आईशी. उलट केलंत तर दोन्ही घरं जातात.

पायरी ५: घरचा भाव आणि उधारी

उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण नात्यातल्या उधारीला जास्तच लागू पडते, कारण तिथे मागायला तोंड उघडत नाही.

घरचा भाव ठरवण्याआधी हिशेब बघा. मसाला किलोला ₹९००. मिरची, खडा मसाला, कांडप, पाकीट धरून खर्च ₹६८०. सुटतात ₹२२०. ‘आपल्याच घरचं आहे’ म्हणून ₹१०० कमी केले तर भाव अकरा टक्क्यांनी उतरला असं वाटतं, पण तुमची कमाई जवळजवळ निम्मी गेली. त्यावर चवीला म्हणून पाव किलो दिला तर त्याचा खर्चच ₹१७०. म्हणजे एका किलोवर ₹५० पदरचे गेले.

भाव सगळ्यांना एकच ठेवा. नात्याचा मान वेगळ्या तऱ्हेने राखा: दिवाळीत फराळाचा एक डबा घरपोच, किंवा हंगामाच्या पहिल्या मसाल्यात आधी नंबर. ज्यांना उधारीच द्यावी लागते त्यांच्यासाठी महिन्याची एकच तारीख ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांना एकसारखा मेसेज जाऊ द्या. सगळ्यांना गेला की कोणी मनाला लावून घेत नाही.

सहा महिन्यांनी विक्रीची वही उघडून नातेवाईक आणि गाववाल्यांना झालेली विक्री वेगळी काढा. ती निम्म्याहून जास्त असेल तर धंदा अजून बाजारात उतरलेलाच नाही असं समजा.

पायरी ६: दूरची ओळख

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, ती बातमी देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? १९७३ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे. वरचेवर भेटणारा फक्त १६.७ टक्क्यांच्या बाबतीत, अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारा २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जवळची माणसं तुमच्याच वर्तुळात फिरतात, दूरच्याकडे दुसऱ्या वर्तुळाची खबर असते. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण ऑर्डरींनाही तेच लागू पडताना मी वह्यांतून बघतो. शाळेतला जुना मित्र आता एखाद्या कंपनीच्या प्रशासन विभागात असतो, आणि दिवाळीच्या भेट-पाकिटांची ऑर्डर तो देतो, सख्खा भाऊ देत नाही.

अशी माणसं वहीत मुद्दाम लिहा: जुने सहकारी, मुलांच्या शाळेतले पालक, माल आणणारा टेम्पोवाला, तुमच्यासारखाच पण वेगळा माल विकणारे दुकानदार. टेम्पोवाल्याला कमी लेखू नका. रोज वीस गाळ्यांत जाणाऱ्या माणसाला कोणाचा माल संपलाय हे मालकाआधी कळतं.

मागताना मोघम मागू नका. ‘काही असलं तर सांग’ म्हटलं की समोरचा हो म्हणतो आणि विसरतो. ‘तुमच्या ऑफिसात दिवाळीच्या भेटी कोण ठरवतं, त्यांचं नाव आणि नंबर दे, तुझं नाव सांगून मी फोन करेन’ असं मागितलं की मिनिटभरात मिळतं. काम झालं की त्याला कळवा, न झालं तरी कळवा.

मराठी व्यावसायिकांसाठी सॅटर्डे क्लबसारखे गट आहेत, तिथे ठरावीक दिवशी भेटून एकमेकांना काम सुचवलं जातं. जाऊन बघा. गटात तुमच्याच धंद्यातले किती आहेत आणि तुमचं गिऱ्हाईक होऊ शकतील असे किती, हे मोजून मगच वर्गणी भरा. ओळख दिलेल्या माणसाचा माल खराब निघाला तर नाव तुमचं जातं, म्हणून स्वतः वापरल्याशिवाय कोणाची शिफारस करू नका.

जातीच्या किंवा गावच्या विश्वासाला नियमांची जोड मिळाली की काय होतं, याचे नमुने मुंबईतच आहेत. १९०६ सालची शामराव विठ्ठल आणि १९१८ सालची सारस्वत या दोन्ही बँका एका समाजातल्या माणसांनी आपल्या माणसांच्या अडीनडीसाठी काढलेल्या पतसंस्थांतून उभ्या राहिल्या. आज तिथे कोणीही कर्ज मागायला जाऊ शकतो. वर्तुळ उघडता आलं ते वही आधीपासून नीट होती म्हणून.

पायरी ७: मंडळाची वर्गणी

धंदा चालतोय असं दिसलं की पावतीपुस्तकं येतात: गणपती, दहीहंडी, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, क्रिकेट सामन्यांचे चषक. समाजशास्त्रज्ञांनी एक्वाडोरच्या अँडीज डोंगरातली गोष्ट नोंदवली आहे. तिथे बरे चाललेले अनेक कारागीर-व्यापारी पंथ बदलून बसले, कारण जुन्या पंथात कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर सणसमारंभांचा खर्च फार होता. इतक्या टोकाला जायचं कारण नाही. वर्षाच्या सुरुवातीला विक्रीच्या एक टक्क्याइतकी रक्कम बाजूला काढा आणि ती संपली की ‘यंदाचं संपलं, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं’ असं सांगा. जिथे पैसे देता तिथे धंद्याचं नाव छापून घ्या. स्मरणिकेतली पाव पानाची जाहिरात घेतलीत तर ती धंद्याच्या खर्चात दाखवता येते, पावती मात्र हवी.

पायरी ८: वेगळं व्हायची वेळ

सुरुवातीच्या कागदातच बाहेर पडायची पद्धत लिहा. किती दिवस आधी सांगायचं, यंत्रांची किंमत कोण ठरवेल, नाव कोणाकडे राहील आणि तेच काम दुसऱ्याला शेजारच्या गल्लीत सुरू करता येईल का. भागीदारीतून बाहेर पडणाऱ्याने जाहीर नोटीस देईपर्यंत फर्मकडून ज्यांना पैसे येणं आहे अशा बाहेरच्यांपुढे त्याची जबाबदारी सुटत नाही. नोंदलेल्या फर्मच्या बाबतीत ही नोटीस रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि त्या भागातल्या भाषेच्या एका वृत्तपत्रात द्यावी लागते. नुसतं ‘आता माझा काही संबंध नाही’ असं घरात सांगून भागत नाही.

आणि ज्या गोष्टी कोणाच्या लक्षात राहत नाहीत त्या त्याच दिवशी निपटवा: गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे, ऑर्डरी येतात तो मोबाइल नंबर कोणाच्या नावावर आहे, गिऱ्हाइकांच्या ग्रुपचा ॲडमिन कोण, आणि बेडगीवाल्या व्यापाऱ्याकडे खातं कोणाच्या नावाने चालू आहे.